भिंतीवरची नदी

४ जून
निर्णय झाला. गाडी भिंतीतून जाणार.
कुर्डुवाडी–मिरज लाईन. नॅरो गेज, अडीच फूट रुंद. माझ्या टेबलावरच्या मॉडेलमध्ये नऊ मिलिमीटर. तीन वर्षं गाडी मिरज स्टेशनात येते आणि थांबते. पुढं भिंत आहे. भिंतीपलीकडं रूपालीची खोली. रूळ तिकडून फिरवून परत आणले, तरच त्याला प्रवास म्हणता येईल.
रूपाली पहिल्या बाळंतपणाला पुढच्या महिन्यात माहेरी येतेय. नामकरणाच्या दिवशी उद्घाटन.
अरुणा म्हणाली, बाळंतिणीच्या खोलीत रेल्वे? डोकं ठिकाणावर हाय का तुमचं?
खऱ्या लाईनीवर बोगदा होता का? पुरावा सापडला नाही. असावा.

९ जून
बोगदा पूर्ण. वीतभर ठरवला होता. हात नीट फिरेना, म्हणून दीड वीत. मग दोन. भिंत मातीची. छिन्नीला काही कष्ट पडले नाहीत.
आवाज ऐकून शेजारचा पृथ्वीराज आला. तालमीतला गडी, बोलणंही तसंच. "काका, ह्या भिंतीवर वरचा स्लॅब हाय की! गाडी मिरजला न्हाई, थेट वर जाईल."
मी सांगितलं, छत्तीस वर्षं बांधकाम खात्यात काढलीत.
अरुणा आतून म्हणाली, आवक-जावकच्या टेबलावर.
अनावश्यक माहिती.

१७ जून
बोगद्याच्या वर केसाएवढी भेग. पलीकडच्या बाजूलाही. प्लास्टरची असते. देखाव्यात नदी हवीच होती. भेगेवरून निळा रंग फिरवला, दोन्हीकडं. वळणं फार नैसर्गिक आलीत. हातानं जमली नसती.

२९ जून
रुळांवर रोज सकाळी माती. उंदीर असावेत. औषध ठेवलं.

२ जुलै
औषध तसंच. माती आहे. हुशार उंदीर.

६ जुलै
पलीकडच्या खोलीचं दार लागत नाही. पावसाळ्यात लाकूड फुगतं. रंधा मारून वरची कड काढली.

१० जुलै
दार लागत नाही. पुन्हा रंधा.

१३ जुलै
रूपाली आली. जावई अनेकांत कागलहून सोडायला आले. म्हणाले, छोटी गाडी कोल्हापूरलापण होती की, अप्पा. अर्धा तास समजावलं. कोल्हापूरची मीटर गेज. नॅरो मिरजेपर्यंतच. मिरजेत एके काळी तिन्ही गेज होते. त्यांनी मान डोलावली. नजर पूर्णवेळ छताकडं. इतिहासात रस नसलेली पिढी.
रूपालीची खाट बोगद्याच्या भिंतीला लावली. गाडी बाहेर येताना तिला पहिल्यांदा दिसावी.

१६ जुलै
रूपाली म्हणाली, अप्पा, नदी परवा खिडकीपर्यंत नव्हती.
म्हटलं, तू दुपारी झोपतेस तेव्हा रंगवतो. खोटं नाही. फक्त ती आधी जाते, मी मागून.

२१ जुलै
उपनदी फुटली. खाटेच्या दिशेनं. निळा रंग संपत आलाय. भिंतीवरची पाल बरेच दिवस दिसली नाही.

२४ जुलै
सकाळी अरुणानं खाट ओढत स्वयंपाकघरात नेली. दोघी डॉक्टरांकडं गेल्यावर मी परत जागेवर लावली. स्वयंपाकघरातून बोगदा दिसत नाही.
परत आल्यावर अरुणा खाटेकडं बघत उभी राहिली. भिंतीवरून हात फिरवला. मग हाताला लागलेली माती बघितली. बसलीसुद्धा नाही. अनेकांतना फोन. संध्याकाळच्या आत दोघी कागलला.
म्हटलं, पहिलं बाळंतपण सासरी? गल्लीत काय सांगू?
म्हणाली, सांगा की, माहेरी रेल्वे हाय.
खाट ठेवली आहे तिथंच. राग गेला की येतील.

२ ऑगस्ट
चाचणी. गाडी बोगद्यात गेली. आली नाही. आत नारळाएवढं ढेकूळ पडलं होतं. खऱ्या लाईनीवरही दरड पडत असणार. ढेकूळ काढलं, पण बाजूला जपून ठेवलं. देखाव्यात बसेल.
आत हात असताना वरून थोडी माती मनगटावर पडली. गार होती.

९ ऑगस्ट
अनेकांतचा फोन. मुलगी झाली. दोघी सुखरूप.
मग अरुणा फोनवर आली. म्हणाली, नात बघायला या. आजच या. घराला कुलूप लावा आणि या.
आज शक्य नाही. नदी छतापर्यंत पोचली आहे, तेवढी रंगवून होऊ दे. परवा निघेन. दोघींना नातीसकट घेऊनच येईन. खोली तयार आहे. खाटेवर स्वच्छ चादर घातली.

११ ऑगस्ट, कागल
काल दुपारी निळा रंग आणायला गेलो. परतलो तेव्हा गल्लीत माणसं, धूळ. भिंत पलीकडच्या खोलीत पडली. वरच्या स्लॅबचा तुकडा तिच्यामागून. पृथ्वीराज ढिगाऱ्यावर बसून हातांनी माती उपसत होता, काका, काका, असं ओरडत. मी मागून म्हटलं, काय रे? त्यानं वळून बघितलं. मिठी मारली. मग आईवरून शिवी दिली.
मिरज स्टेशन शाबूत आहे. पुढचे रूळ दिसत नाहीत.
अनेकांत गाडी घेऊन आले. अरुणानं जेवायला वाढलं. मग मला खोलीच्या मधोमध बसवलं, भिंतींपासून लांब, आणि नात मांडीवर दिली. वजन फार नाही.
रूपाली पडूनच होती. तिनं विचारलं, अप्पा, नदी कुठवर आली होती?
खिशात रंगाचा डबा होता. उघडलेला नव्हता.
म्हटलं, खाटेपर्यंत.