जबलभोवती साधी चक्कर

गुरुवार, ७ जानेवारी १९८८

मुलीला सायकल येणं आणि स्त्रीचं स्वातंत्र्य यांचा नेमका संबंध काय? मला सांगता येत नाही. तरी आज तो आमच्या इथल्या, आखातातल्या हॉस्पिटलच्या ब्रिटिश मेट्रनला मी दहा मिनिटं समजावून सांगितला. रेकॉर्ड सेक्शनमधल्या सगळ्यांसमोर, उभी राहून!

मेट्रनने नव्या तऱ्हेच्या सायकली मागवल्यात, जाड टायरच्या, डोंगरात चालणाऱ्या. २२ तारखेला, शुक्रवारी, दुखानच्या बाजूच्या एका जबलभोवती, म्हणजे अरबीत डोंगराभोवती, चक्कर मारायची. अगदी साधी, रमतगमत. कोणकोण येणार, असं त्यांनी विचारलं. इंडियन मुली असल्या भानगडीत पडत नाहीत, असं मागून कोणीतरी हसत म्हणालं. मग मला उठावंच लागलं.

सायकल मला येत नाही. कॉलेजच्या दिवसांत पप्पा मला कॅरिअरवर बसवून वसई स्टेशनला सोडायचे — केळीचे घड बसायचे त्याच जागी. त्यामुळे तोल सांभाळायचा मला दांडगा अनुभव आहे, अशी माझी समजूत.

शनिवार, ९ जानेवारी

वाटलं होतं फेलिक्सदादा चिडेल. अल मुंतझा वस्तीतल्या त्याच्या फ्लॅटवर मी राहते, त्यानेच मला इथे आणलं. पण तो खूष! कारण माझ्यासाठी पाहिलेला विल्यम दुखानलाच आहे, तेल कंपनीच्या कॅम्पात स्टोअरकीपर. आपल्या वसईचाच. "तोही येईल. बघा, बोला, खलास!"

विल्यमला फेब्रुवारीत सुट्टी. ईस्टरआधीच्या उपवासकाळात लग्नं लागत नाहीत, म्हणून तो लागायच्या आत व्हायला हवं. म्हणजे त्याआधी गावच्या देवळात, रिवाजाप्रमाणे, तीन रविवार लग्न जाहीर करून आमची नावं वाचायला हवीत. पप्पांनी ती देऊनसुद्धा ठेवलीत. मी शुक्रवारी हो म्हणायचं, रविवारी २४ तारखेला फादर वाचणार. एकदा सगळ्या गावासमोर वाचलं की मागे कोण फिरतं?

अट एकच. लग्नानंतर नोकरी सोडून मी गावी, त्याच्या आईजवळ. तो इथेच.

माझ्या आईचा निरोप आलाय: लुसी शिकलेली आहे, ती समजून घेईल. घरातल्या पहिल्या ग्रॅज्युएटचा हाच उपयोग — समजून घेणं.

मी विल्यमशी तत्त्वांवर मोकळी चर्चा करणार आहे. मुद्दे काढायला घेतलेत.

गुरुवार, १४ जानेवारी

सरावाला सायकल मिळाली नाही. मनातल्या मनात चालवते. फार छान येते.

शुक्रवार, २२ जानेवारी

डावा गुडघा, दोन्ही तळवे, आणि सांगू नये अशी एक जागा. बसवत नाही, म्हणून पालथं पडून लिहितेय.

इथे सुट्टी शुक्रवारी, म्हणून मिस्साची प्रार्थनाही आजच; ती उरकून निघालो. जबल म्हणजे काय, तर पांढऱ्या खडकाची एक टेकडी. आमच्याकडे हिला कोणी नावसुद्धा ठेवलं नसतं. पण खाली खडी आणि भुसभुशीत वाळू. मी सलवारीच्या पायांना रबर बँड लावले, ओढणी कमरेला बांधली आणि जगातल्या तमाम स्त्रियांच्या वतीने पायडल मारलं. मेट्रन अजून टोपी घालत होत्या, तोवर मी आडवी.

विल्यम हसला नाही, हे लिहिलंच पाहिजे. उंच, थोडा वाकलेला, शांत माणूस. बाकीचे पुढे गेले. तो आपली सायकल तिथेच टाकून माझ्यामागे सीट धरून पळायला लागला. "खाली नका बघू, समोर बघा. मी धरलंय." दर थोड्या वेळाने मी पडत होते आणि तो सॉरी म्हणत होता!

टेकडीच्या मागच्या बाजूला एकदाची सायकल चालली. त्याने हात कधी सोडला मला कळलंच नाही. वारा, पांढरं ऊन, आणि मी! एकही तत्त्व आठवत नव्हतं. थांबायचं कसं ते माहीत नसल्यामुळे एका झुडपात थांबले.

तो धापा टाकत आला. माझ्या ओढणीतले काटे काढत, अगदी प्रेमाने म्हणाला, "आवडली ना? गावी घेऊन देईन तुम्हाला एक. आपल्या वाडीत चालवा, भरपूर जागा आहे. आईपण बघेल." मग जरा थांबून, "मग फेलिक्सला हो कळवू ना?"

चांगला माणूस समोर उभा. माझ्यासाठी घामाघूम झालेला. माझे मुद्दे पर्समध्ये आणि पर्स गाडीत. मी मान हलवली.

आम्ही परतायच्या आधीच त्याने कॅम्पातून दादाला फोन केला होता. घरी केक आणलेला.

शनिवार, २३ जानेवारी

दादा सकाळी शिट्टी वाजवत कामावर गेला. आज ड्यूटी दुपारची, म्हणून मी लंगडत किचनमध्ये गेले. नोरावहिनी सुरमई साफ करत होत्या. पाठ माझ्याकडे.

"खरंच हो म्हणालीस?"

म्हटलं, म्हणाले नाही, मान हलली.

त्यांनी नळ सोडला.

"माझीपण मानच हलली होती, लुसी."

फेलिक्सदादासारखा नवरा दिवा लावून शोधला तरी मिळायचा नाही, असं मीच वसईभर सांगत असते. वहिनी लग्नाआधी टायपिंग शिकवायच्या, हे मला माहीत होतं. त्यावर मी कधी एक प्रश्न विचारला नाही. एवढी भाषणं देते मी!

त्यांनी ती सुरमई पुन्हा पुन्हा धुतली. मी चप्पल शोधतेय.

रविवार, २४ जानेवारी

आमची नावं देवळात वाचली गेली नाहीत. काल ड्यूटीआधी टेलिफोन ऑफिसात जाऊन आधी विल्यमला फोन केला, मग फादरांच्या बंगल्यावर. वसईची लाइन इतकी खराब की 'नाही' हा शब्द मला तीनदा ओरडून सांगावा लागला. सगळं ऑफिस वळून बघत होतं. दादाला रात्री जेवणाआधी सांगितलं. आज सकाळी तो शिट्टी न वाजवता कामावर गेला.