वाटून घेतलेल्या गोळ्या

१२ जानेवारी २०२५, रविवार

बाबांवर गोळ्या चालत नाहीत!

पोळ्यानंतर टीबी निघाला, तेव्हापासून खाऊन राह्यलेत. सुरुवातीला वजन वाढलं, खोकला बसला, शेतात जायला लागले. आता परत ताप, परत खोकला. परवा थुंकीत रक्त. आज मानोऱ्याला डॉक्टरांनी मशीनचा कागद पुढे ठेवला. म्हणाले, "मुख्य औषधाला हे जंतू आता दाद देत नाहीत. गोळ्या चुकवल्या का काका?"

"एक बी दिवस चुकवला नाई साहेब. देवाची आन." बाबा खाली बघत बोलले.

भागिरथाताई आमच्या गावची आशा. तीही शपथेवर सांगते, पाकीट दर वेळी रिकामं दिसायचं. मग झालं कसं? अर्धवट औषधानं असं होतं, हे मी दरवर्षी बारावीच्या पोरांना शिकवते. पण बाबांनी तर पुरं खाल्लं!

नवी औषधं सुरू होतील. कडक आहेत म्हणे.

१३ जानेवारी

सकाळच्या एसटीनं कारंज्याला परत. वर्गात काय शिकवलं, आठवत नाही.

१६ जानेवारी, गुरुवार

नेमका आज उत्क्रांतीचा धडा. टाळता आला असता, टाळला नाही.

फळ्यावर ठिपके काढले. म्हटलं, हे जंतू. सगळे सारखे दिसतात, पण सारखे नसतात. एखाद्याच्या जनुकात जन्मतःच थोडा फरक असतो. औषध कमी पडलं की कच्चे मरतात, तो एखादा उरतो. मग त्याचीच पिलावळ, त्याचीच वस्ती. डस्टरनं एकेक ठिपका पुसत गेले.

यूसरा पहिल्या बाकावर बसते, प्रश्न विचारल्याशिवाय हिला अन्न पचत नाही. "म्हणजे मॅडम, जंतू शिकतात का? हुशार होतात?"

"कोणी शिकत नाही ग. मरणारे मरतात. उरलेल्यांची पोरं उरतात. बस!"

"पण ते तर आपणच निवडून ठेवल्यासारखं झालं ना मॅडम?"

फळ्यावर एकच ठिपका राहिला होता. पाणी प्यायच्या निमित्तानं बाहेर आले.

१९ जानेवारी, रविवार

कळलं. कळलं नसतं तर बरं, असं म्हणावंसं वाटतं.

सकाळी बाबा चहासोबत नव्या गोळ्या घ्यायला बसले. मी समोर. त्यांनी गोळ्या तळहातावर घेतल्या, बोटानं दोन इकडे केल्या, दोन तिकडे, आणि अगदी सवयीनं स्वयंपाकघराकडे बघून हाक मारली, "घे व, तुह्या."

माय दारात आली. मला पाहिलं. जागच्या जागी थिजली.

मग तिला खोकला आला. दाबायला गेली, दाबला गेला नाही. पदर तोंडाशी धरून चुलीपाशी बसली. तेव्हा कुठं माझ्या डोळ्यांना दिसलं, तिचं पोलकं किती सैल झालंय ते! दर रविवारी येते मी. मला वाटायचं बाबांच्या काळजीनं वाळली.

पोळ्यापासूनच तिलाही खोकला. भागिरथाताईनं विचारलं तर "घरात कोनालेच काई नाई" म्हणून मोकळी झाली. बोलावलं तर तपासायलाही गेली नाही. नाव एकाचं, गोळ्या एकाच्या, खाणारे दोघं!

मी ओरडले. लय ओरडले. शेजारी ऐकू गेलं असेल, जाऊ दे.

"काहून केलं तुमी असं? काहून?"

"तुह्यासाठी," माय म्हणाली. "बापाले हाय हे लपते, दमा हाय म्हनून सांगता येते. दोघायले हाय म्हटलं की लोक म्हनतीन, यायच्या रक्तातच हाय. मंग कोन करीन व तुले?"

रक्तात! जीवशास्त्राची एम.एस्सी. मी, आणि माझ्या घरात हे! आमच्या रक्तात काही नाही ग माय. पिढ्या बदलल्या त्या जंतूंच्या. बाबांच्या छातीत. रोज अर्ध्या गोळ्या घालून तुम्ही दोघांनी मिळून पोसल्या.

हे मात्र बोलले नाही. बाबा भिंतीला टेकून बसले होते. म्हणाले, "ते बी खोकलून राह्यली होती. मी एकटा कसा खाऊ?"



२० जानेवारी

रजा टाकली. मायला वाशिमला आणलं. मानोऱ्याला जायला तयार नव्हती, ओळखीचं कोणी भेटंल म्हणून. अजूनही तेच!

फोटोत एक फुप्फुस निम्मं पांढरं. अंगात रक्त कमी. मागं कावीळ झाली होती, त्यामुळे लिव्हर आधीच दुखावलेलं. डॉक्टरीणबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "साधा टीबी असला तर बऱ्या होतील. मिस्टरांसारखा असला तर ती औषधं ह्यांना झेपतील असं मला वाटत नाही. खोटं कशाला सांगू?"

म्हणजे सगळं त्या जंतूंवर. ते जुने की बदललेले.

नमुन्यात नुसती लाळच निघाली. मशीननं टीबी आहे एवढं सांगितलं, पुढचं काही कळेना. दुसरा नमुना मोठ्या लॅबला गेला. वाट पाहायची, तोवर औषध सुरू करता येत नाही म्हणे.

२२ जानेवारी

माय चतकोर भाकर खाते. तीही माझ्या धाकानं.

२४ जानेवारी

भागवतमामाचा फोन. दारव्ह्याचं स्थळ त्यानंच आणलेलं. मुलगा विकास, सोसायटीत नोकरीला, दिवाळीत बघून गेला. मामा म्हणतो, "महिनाभर कोनाले सांगू नको. ताईले बाळंतपणाच्या टायमापासून अशक्तपना हाय म्हन."

म्हटलं, "मामा, तुझी बहीण मरून राह्यली आणि तुला पाव्हण्यांचं पडलं?" ठेवला फोन.

मग विकासला मीच लावला. सगळं सांगून टाकलं, दोघांचं. त्यानं ऐकून घेतलं. म्हणाला, "घरी विचारून सांगतो." सांग बावा. नाहीतर नको सांगू. या लग्नाच्या नावापायी माय पाच महिने पदरात खोकत बसली, ते नावच मला नको आता.

२६ जानेवारी, रविवार

गावी. शाळेतून लाऊडस्पीकरचा आवाज येतोय. मायला मावशीनं सांभाळलंय वाशिमला, मी बाबांसाठी आले.

नव्या औषधांनी त्यांना सारखी मळमळ होते. खाल्लेलं ठरत नाही. तरी मला म्हणतात, "माह्यातल्या दोन घेऊन जाय तिच्यासाठी. त्या चांगल्या हायत म्हनते ना डाक्टर?"

"बाबा!!"

"बरं बरं. चिडू नको."

एवढं समजावलं, तरी वाटून द्यायची सवय जात नाही. त्यांच्या हातावर ठेवून, गिळेपर्यंत समोर बसले. तोंड उघडायला लावलं, लहान पोराचं बघतात तसं. त्यांनी उघडलं. मला रडू आलं, त्यांनी बघितलं नाही बहुतेक.

पुस्तकात किती छान वाटतं हे सगळं. बदल, निवड, जो तग धरतो तो उरतो. परीक्षेत पाच मार्कांना येतं. इथं तग धरणारे ते आहेत. आम्ही त्यांचं शेत!

येताना एसटीतून पोहरादेवीच्या दिशेला हात जोडले. नवस बोलले. बोलले तर बोलले! मी कुणाला सांगणार नाही.

२८ जानेवारी

रिपोर्ट नाही.

२९ जानेवारी

मायला भरती केलं. नाकाला ऑक्सिजन. नळी काढून विचारते, "तुये बाबा जेवले का?"

मी मनाशी सरळ हिशेब मांडते. तोच जंतू, बाबांकडूनच आलेला. त्याच गोळ्या, तेवढ्याच अर्ध्या, तेवढेच दिवस. बाबांच्या छातीत जे झालं ते हिच्या छातीत होणारच. वेगळं व्हायला कारणच काय? एवढं शिकले, त्याचा उपयोग इतकाच की डॉक्टरांच्या आधी मला कळतं माय वाचत नाही.

डॉक्टरीणबाई आज राउंडला आल्या. नुसता खांद्यावर हात ठेवला. तो काढा म्हणून ओरडावंसं वाटलं.

३० जानेवारी

काही लिहवत नाही. माय जाईल. बाबा तिच्या मागं जातील. मी पोरांना उत्क्रांती शिकवीन.

३१ जानेवारी, शुक्रवार

रिपोर्ट आला. मायच्या जंतूंवर सगळ्या गोळ्या चालतात. सगळ्या! साध्यातली साधीसुद्धा. डॉक्टरीणबाई दोनदा बघून म्हणाल्या, "ह्या जंतूंना औषध कधी लागलेलंच दिसत नाही." आज सकाळीच पहिला डोस दिला.

मी मायजवळ बसले. विचारलं, "तू तुझ्या वाट्याच्या गोळ्या खाल्ल्याच नाहीस?"

"एक बी नाई," ती म्हणाली. "तुह्या बापाले पुढं कमी पडल्या असत्या तं? उडदाच्या डब्यात हायत साऱ्या. दे त्यायले नेऊन."

बाबांना फोन केला. माय बरी होईल म्हणून सांगितलं. ते रडायला लागले — "बरं झालं व पोरी, म्या तिले अर्ध्या देल्या." मी हो म्हटलं.