बारीक टाके

प्रिय ताई,

माझं अक्षर तुला माहीतच आहे, सांभाळून घे. छकुलीचा ताप गेला तो परत आला नाही. काल वाटीभर भात खाल्ला.

तू मला कारखान्यात त्या कॉम्प्युटरवर बसवलंस तेव्हा मी उठून पळणार होते. सातवी नापास बाई, मला काय कळणार टॉलरन्स? तू म्हणालीस, अगं, गोल गळा शिवतेस ना? आपल्या लोखंड कापायच्या मशीनला गोल येतच नाही, ते सरळ सरळ टाक्यांनीच वळतं. टॉलरन्स म्हणजे गोलापासून किती ढळलं तर चालेल तो आकडा. तो बारीक ठेवलास की टाके बारीक, गळा गोल. मोठा ठेवलास की टाके लांब, गळ्याला कोपरे. एवढं मला पक्कं कळलं होतं गं.

त्या दिवशी क्रेनचा हूक कापायचा होता. प्रोग्रॅम तुझा, मशीनवर मी. बारीक टाक्यांनी तासभर जास्त लागणार, आणि शेजारच्या काकूंचा फोन, तुझी पोर तापाने फणफणलीय, डोळे फिरवतेय. मी टॉलरन्स पॉइंट झिरो वनचा पॉइंट फाइव्ह केला. हूक झटक्यात निघाला. आतल्या वळणावर कोपरे बोटाला लागत होते. पॉलिश पेपरने घासले, चकाकी आणली आणि पळाले. कुणाला बोलले नाही.

महिनाभर त्याने वजन उचललं. मग त्या कोपऱ्यातच तडकला. वजन खालच्या पेंटवाल्या काकांच्या पायावर पडलं. रोज मला चिडवायचे, काय कॉम्प्युटरबाई, तुझं मशीन माझ्या म्हातारीपेक्षा हळू चालतं! त्यांचा पाय गुडघ्यापासून कापावा लागला. काल दवाखान्यात मला बघून हसले. मला तिथे उभं राहवेना.

साहेबांनी सगळ्यांसमोर प्रोग्रॅम उघडला. तू तो आकडा बघितलास, मग माझ्याकडे बघितलंस, आणि म्हणालीस, माझ्याच हातून झालं. मी मान खाली घातली. आठ दिवस तू घरी बसलीयस, लोक तुला नको ते बोलतायत, आणि मी तुझ्या खुर्चीवर.

छकुलीला काकूंबरोबर तुझ्याकडे पाठवतेय, ही चिठ्ठी तिच्या पिशवीत ठेवतेय, कपड्यांवर. तू वाचशील तेव्हा मी साहेबांसमोर उभी असेन. पुढे पोलीस, मग काय, ठाऊक नाही. छकुलीला आपल्या दोघींशिवाय कोण आहे? झोपताना माझ्या कानाची पाळी धरते, तुझी धरू दे. माझ्यामागे धावत येऊ नकोस, ताई. आलीस तर पुन्हा माझ्या आधी बोलशील.

तुझीच,
धाकटी