अर्धा अध्याय

सायली, सिल्वासा
रविवार, उपासनेनंतर

प्रिय सोनम,

“दूध उतू गेलं तर जाऊ दे, अध्याय मोडायचा नाही.” लग्न होऊन मी नवापूरहून इथं आले, त्या पहिल्याच आठवड्यात तुझे पप्पा मला हे म्हणाले होते. मी अर्धी उठले होते, एक हात जमिनीला टेकलेला, आणि स्टोव्हवर दूध खरंच उतू चाललं होतं. मी परत बसले. अध्याय संपेपर्यंत खोलीभर करपल्याचा वास झाला. मग त्यांनी स्वतः स्टोव्ह घासला आणि बिनदुधाचा चहा असा पिऊन दाखवला, जणू त्यांना तोच आवडतो. तेव्हा मला त्या हट्टाचं कौतुक वाटलं होतं. आपल्या घरात ती हसत सांगायची गोष्ट होती. आता ती कोणी सांगत नाही.

पत्र बघून तू दचकली असशील. रोज फोनवर बोलणारी मम्मी पत्र कशाला लिहिते? फोनवर पप्पांचं नाव निघालं की तुझ्या वॉर्डात लगेच कोणीतरी पेशंट येतो, म्हणून. मी रागावून लिहीत नाही. पत्र मध्येच खाली ठेवता येतं, मन झालं की पुन्हा उचलता येतं, एवढाच माझा विचार.

इकडचं सांगते. रांध्याच्या माझ्या अंगणवाडीत यंदा मुलं वाढलीत. निम्मी गुजराती बोलतात, काही हिंदी, आणि भांडताना सगळी मिळून तिसरंच काहीतरी. शेजारच्या तानूबाईंनी तुझ्यासाठी मोहाचं लोणचं घातलंय. “नाशिकवालीला सांग, बरणी तिची आहे, लोणचं माझं,” म्हणतात. पप्पा कंपनीत जात नाहीत. पावसाळा सरताना सुताच्या बॉबिनची ट्रॉली त्यांच्या पायावरून गेली, अंगठा फुटला. शुगर आहे, त्यामुळे जखम भरून येत नाही. पट्टी मीच बदलते. ते भिंतीकडे तोंड करून पाय माझ्या मांडीवर देतात.

तू लहान होतीस तेव्हा तुला वाटायचं, पप्पा बायबल हातात घेऊनच जन्मले. तसं नव्हतं. चौथीत शाळा सुटली त्यांची. इथं यार्नच्या कंपनीत लागले तेव्हा एका खोलीत आपल्याकडची सात-आठ पोरं राहायची, त्यातल्या कोणीतरी गाव गाठताना आपलं बायबल मागे टाकलं. ओळीखाली बोट ठेवून, एकेक अक्षर जुळवत, त्यांनी त्यातूनच पुन्हा वाचायला शिकून घेतलं. म्हणून त्यांना मध्येच उठणं सोसायचं नाही. एकदा बोट उचललं की जागा हरवायची, आणि जागा हरवली की ते दोन-दोन दिवस पुस्तक उघडायचेच नाहीत. सवय मोडायला एवढंसं पुरतं, हे त्यांना कळलं होतं. मग आठवड्याला शिफ्ट बदलली तरी वाचन चुकलं नाही. कधी पहाटे, कधी दुपारी, कधी संध्याकाळी, पण रोज एक पुरा अध्याय, घरातल्या सगळ्यांनी आळीपाळीनं वचनं वाचायची. वंशावळी आल्या की आपला गोकुळ नावं गिळत पळत सुटायचा आणि शेवटच्या नावाला हात वर करून जिंकल्यासारखा बसायचा. पप्पांचा उच्चार चुकला की तू टोकायचीस. मी टोकलं तर त्यांना राग यायचा, चर्चच्या पाळकांनी सुधारलं तर कान लाल व्हायचे. तुझं मात्र ते निमूट ऐकायचे, आणि तेच वचन पुन्हा पहिल्यापासून वाचायचे.

त्या संध्याकाळी गोकुळ आयटीआयमधून आला तो पाठ धरूनच. त्याचं दुखणं आपल्याला नवीन नव्हतं. सिकलसेलचं पोर, आम्हा दोघांच्या रक्तातून आलेलं. पाणी पाजायचं, गोळी द्यायची, शेक द्यायचा, दोन दिवसांनी तो पुन्हा क्रिकेटला. म्हणून तो भिंतीला टेकून बसला, आपण वाचायला बसलो. त्याचा श्वास तुला आधी ऐकू आला. “पप्पा, ह्याला आत्ता न्यायला पाहिजे,” तू म्हणालीस. “एवढा संपू दे, बाळा. लगेच निघू.” तो अध्याय लांब होता. तू उठलीस, रस्त्यावर जाऊन रिक्षा घेऊन आलीस, तरी आम्ही बसलेलेच होतो. पप्पा भराभर वाचत होते, जणू लवकर संपवणं म्हणजेच लवकर नेणं. मग प्रार्थना झाली, मग उठलो. दुसऱ्या दिवशी उजाडताना गोकुळ गेला.

तू डॉक्टरांना एकच विचारलंस, तेवढा वेळ आधी आणला असता तर? डॉक्टर हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. त्या न मिळालेल्या उत्तरावर आपण तिघं तीन ठिकाणी बसून आहोत.

माती देऊन घरी आल्यावर तू पप्पांना म्हणालीस, “तुमचा अध्याय झाला ना पुरा?” त्यानंतर तू त्यांच्याशी बोलली नाहीस. मी तुला दोष देत नाही. खोटं बोलली नव्हतीस.

तुझ्या मागं काय झालं ते तुला कधी सांगता आलं नाही. पप्पांनी बायबल टॉवेलात गुंडाळलं आणि कपाटावर ठेवून दिलं. रविवारी उपासनेला मंडळीत येतात, अगदी मागे बसतात. बायबलमधला शास्त्रपाठ सुरू झाला की उठून बाहेर जातात आणि लोकांच्या चपला नीट लावत बसतात. गाणं ऐकू आलं की आत येतात. पहिल्यांदा लोक कुजबुजले. आता चपला लावलेल्या असणार हे सगळे धरूनच चालतात.

वर्षभरानं मी ते पुस्तक खाली काढलं. भक्ती वगैरे काही नाही, सोनम. त्या वेळेला घरात फार शांत वाटायचं, ते सहन होईना. पहिल्या पानापासून सुरुवात केली. डोळे ओळीवर फिरायचे, आत काही जायचं नाही. चार दिवस वाचलं की आठवडा सुटायचा. कधी पेंग यायची, कधी राग यायचा आणि मी पान इतक्या जोरात उलटायची की कोपरा फाटायचा. मग मी ते सकाळच्या चहाला बांधून टाकलं. चहाचं आधण ठेवायचं आणि वाचायला घ्यायचं, म्हणजे विसरायला जागा नाही. आणि स्वतःसाठी एक नियम केला, रोज मध्येच उठायचं. आधण उकळलं की उठायचं, कोणी दार वाजवलं की उठायचं. काहीच झालं नाही तर उगाच उठून नळ बघून यायचं. अध्याय वाट बघतो, त्याला काही होत नाही. देवाला माझ्या ह्या नियमाचा राग येत असेल असं वाटत नाही. आला असेल तर माझंही त्याच्याशी बोलायचं बरंच राहिलंय.

पप्पा तेव्हा बाहेर ओट्यावरच्या खाटेवर पाठ करून पडलेले असायचे. एका सकाळी मी वाचता वाचता उठले, दारात तानूबाई भेटल्या, आणि त्यांच्या सुनेच्या गोष्टीत मी पुस्तक विसरूनच गेले. तर खाटेवरून आवाज आला, “पुढं काय झालं?” तानूबाईंना वाटलं, सुनेचं विचारतात. त्या उत्साहानं सांगायला लागल्या. मी आत गेले आणि उरलेला अध्याय मोठ्यानं वाचला. तेव्हापासून मी मोठ्यानंच वाचते. ते ऐकतात, पण पुस्तक हातात घेत नाहीत. मध्यंतरी त्या राजाची गोष्ट आली, ज्याचं लेकरू आजारी पडतं आणि तो न जेवता जमिनीवर पडून राहतो. मी वाचत असतानाच पप्पा लंगडत नळाकडे गेले आणि नळ सोडून नुसते उभे राहिले. बादली भरून वाहत होती. त्या दिवशी मी पुढं वाचलं नाही.

आता ज्यासाठी बसले ते लिहिते. गेल्या आठवड्यात त्यांना सरकारी दवाखान्यात नेलं. अंगठा काळा पडलाय आणि काळं वर सरकतंय. डॉक्टर म्हणाले, पंधरा दिवसांच्या आत ॲडमिट करा, अंगठा काढण्यावर भागेल. उशीर झाला तर पाय, आणि त्याहून उशीर झाला तर तुम्ही समजून घ्या. पप्पांनी मान हलवली, डॉक्टरांना हात जोडले, घरी आले आणि खाटेवर पडले. पाळक बोलून गेले. कंपनीतले सुपरवायझर दोनदा येऊन गेले. मी रडले, भांडले, पट्टी न बदलता एक दिवस काढून बघितला. ते एकच बोलले, “गोकुळला मी थांबवलं. आता स्वतःसाठी कोणत्या तोंडानं घाई करू?” त्यांना माफ कर असं मी म्हणत नाही. ते तुझं आहे, मला मागता येणार नाही. घरी ये असंही म्हणत नाही. तू रोज कितीतरी परक्या म्हाताऱ्यांना रागावून औषध घ्यायला लावत असशील, त्यातलेच एक समज. पप्पा म्हणू नकोस, कशी आहे ते सांगू नकोस, ॲडमिट व्हा एवढंच सांग आणि फोन ठेव. तू नाहीच म्हणशील, मला ठाऊक आहे. तुझ्या जागी असते तर मीही कदाचित म्हटलं असतं. तरी हे पत्र पोचेल त्या दिवसापासून रोज सकाळी मी माझा फोन त्यांच्या खाटेवर ठेवून अंगणवाडीला जाणार आहे. दुपारपर्यंत तो तिथंच असेल. तेवढ्यात एकदा कर.

तुझीच,
मम्मी