'बघू' हे उत्तर नव्हे

चि. धाकटीस, रागासकट आशीर्वाद.

मंगळवारी, सात तारखेला, दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी मी तुझ्या छातीतल्या गाठीबद्दल विचारलं, आणि तू "बघू" म्हणून फोन ठेवलास.

माझं छान चाललंय. पाय प्लास्टरमध्ये, लेकीचं घर सहाव्या मजल्यावर आणि लिफ्ट बंद.

लेक प्रयोगशाळेत अशाच गाठींचा अभ्यास करते. म्हणाली, "आई, शरीराच्या पहारेकरी पेशी गाठीपर्यंत पोचतात, पण गाठ त्यांना गुंगवते. मग त्या नुसत्या बसून राहतात."

"अगदी तुझ्या मावशीसारख्या!" मी म्हटलं. ती हसली नाही गं.

तुझ्या 'अहों'चा खोकला थांबला का?

वीस तारखेच्या आत तपासणीचा दिवस लेखी कळव. कॉन्व्हेंटात सिस्टर शिकवायच्या तसं, पूर्ण वाक्यात.

तुला ओढत न्यायला येऊ न शकणारी,
ताई