चार बोटं

२० डिसेंबर
पोचले. थंडी हाडांत शिरतेय. वसतिगृहात अकराच मुलं आहेत. ज्यांना कुणी आहे ती सुट्टीत घरी गेली, ही उरली. आणि मी – लष्कराच्या भाकऱ्या भाजायला!

मुलगा फोनवर म्हणाला, "परक्या देशात जाऊन परक्या मुलांचं करणार, आणि आमच्याकडे यायला वेळ नाही?" तुझ्याकडे मला नुसतं बसवून ठेवतात रे. पण हे बोलले नाही. माझं शिलाईचं दुकान डोळ्यांमुळे बंद केलं, असं चारचौघांत सांगतो. एक बाही आखूड झाली, त्याचं केवढं! चाळीस वर्षं टेप न लावता मापं सांगितली आहेत मी.

२२ डिसेंबर
उसवलेलं सगळं शिवून झालं. इथली भाषा मोडकीतोडकी येते, बाकी हातवारे. एक सात-आठ वर्षांची मुलगी आहे, मी तिला फूटपट्टी म्हणते. रोज सकाळी जेवणघराच्या दाराला पाठ लावून उभी राहते, डोक्यावर तळवा ठेवते, वर बघते आणि स्वयंपाकीणबाईंना सांगते, "चार बोटं." त्या मान डोलावतात, दूध देतात. काहीतरी खेळ असावा.

२३ डिसेंबर
जेवणघराचं दार रंगवलं. फारच कळकट झालं होतं. पॉलिश पेपरनं घासून पांढऱ्या रंगाचे दोन हात दिले. कंबरेचं भजं झालं, पण दार अगदी नव्यासारखं दिसतंय. कुणी सांगितलं नव्हतं, माझीच हौस.

२४ डिसेंबर
फूटपट्टी दूध न पिता दारासमोर उभी होती. रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं.

दारावर पेन्सिलीची रेघ होती म्हणे. दोन वर्षांपूर्वी तिच्या भावाला मोठ्या मुलांच्या वसतिगृहात हलवलं, तेव्हा त्यानं जाताना ओढलेली. "तुझं डोकं इथवर आलं की न्यायला येतो." तिथून तो महिन्याभरात पळून गेला. आजतागायत पत्ता नाही. तिला कुणी सांगितलेलं नाही.

"रेघ उंच होती ताई, तेच बरं होतं," स्वयंपाकीणबाई म्हणाल्या.

२६ डिसेंबर
दोन दिवस ती कुणाशी बोलली नाही. मला बघवेना. आज सगळ्यांच्या आधी उठून रेघ ओढली. टेप पेटीतच होता, काढला नाही. उंची रोज बघतेय, वर चार बोटं – यात मोजायचं काय?

तिला म्हटलं, रंग खरवडला, खाली सापडली. ती पाठ लावून उभी राहिली. डोक्यावर तळवा ठेवला. तळवा बरोबर रेघेवर.

ती हसली. मी आल्यापासून पहिल्यांदा.

मुलगा खरं सांगत होता. डोळे गेलेत माझे.

२७ डिसेंबर
फूटपट्टी सकाळपासून फाटकाजवळच्या दगडावर बसून आहे. मांडीवर पिशवी – दोन फ्रॉक, दात घासायचा ब्रश, एक पेन्सिल. जेवायला आत आली नाही, ताट तिथेच नेलं. अधीक्षक म्हणाले, "दोन दिवसांत विसरेल." करायला गेले एक.

२८ डिसेंबर
सांगून टाकलं. "ती रेघ मी ओढली. चुकीची ओढली. अजून चार बोटं आहेत." दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा स्वयंपाकीणबाईंनी त्यांच्या भाषेत नीट सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

"दादानंच ओढलीय," म्हणाली. आणि जरा सरकून मला दगडावर जागा दिली.

फार लाज वाटली.

२९ डिसेंबर
आजही तिथेच. उद्या मला परत निघायचंय.

३० डिसेंबर
गाडी आली. लांबून दिसताच फूटपट्टी उठली, फ्रॉक झटकला, पिशवी खांद्याला लावली. ड्रायव्हरनं उतरून माझं नाव विचारलं. ती परत दगडावर बसली.