नोहेमीच्या नावापुढच्या तारखा

व्हिल्यारिका, पराग्वे
सोमवार, १४ फेब्रुवारी १९९४

ती. आईस,

नोहेमीचा सा. न. वि. वि. माझी बदली या नव्या गावी झाली, म्हणून पत्राला उशीर. चर्चच्या प्रचारसेवेचे सहा महिने संपले, आता एक वर्ष राहिलं. तू दिवस मोजतेस हे धाकट्या सुयापाने कळवलंय, त्यामुळे तुझा हिशेब बरोबर आहे का ते पाहून घे.

इथे सकाळी साडेसहाला उठतो. वाचन, प्रार्थना, न्याहारी, आणि साडेनऊला तांबड्या मातीच्या रस्त्यावर. दार कोणी ठोठावत नाही, फाटकाशी उभं राहून टाळ्या वाजवायच्या. आधी कुत्री येतात, मग आजी येते. आजी बहुतेक वेळा सांगते की आम्ही कॅथलिक आहोत, आणि तरीही बसायला खुर्ची देते. शिंगाच्या पेल्यात गार पाण्यातली येर्बाची पानं देतात. ती आमच्या पंथाला चालतात, कॉफी मात्र चालत नाही. हे वाचून तू काय म्हणशील ते मला ठाऊक आहे, म्हणून आपणच सांगून टाकलं.

नवी सोबतीण मिळाली, एर्माना टिंगी. इथे आम्ही सगळ्या एकमेकींना आडनावापुढे एर्माना, म्हणजे भगिनी, लावूनच हाक मारतो. आयडाहोची, एकवीस वर्षांची, विजेच्या खांबाएवढी उंच. स्पॅनिश बोलते ते दगडांवरून अनवाणी चालल्यासारखं. नियमाप्रमाणे आम्ही सतत एकत्र असतो, न्हाणीघराच्या दारापर्यंत.

सुयापाला गोड पापा. तुझी माया आहे तशीच राहू दे.

तुझी,
नोहेमी


सांता रोसा दे कोपान
६ मार्च १९९४

चि. नोहेमीस,

आईचे आशीर्वाद, तुमच्यात ते अजून चालत असतील तर.

पत्र पोचलं. पाकिटाचा डिंक दोनदा लावल्यासारखा दिसतो. कोण उघडतं? तुम्हा प्रचारकांचे ते अध्यक्ष? मला खरं सांग, आणि सांगता येत नसेल तर पुढच्या पत्रात तुझ्या आजीचं नाव उलटं लिही, मी समजेन.

पानं भिजवलेलं पाणी पवित्र, आणि बस स्टँडवरच्या ज्या कॉफीवर मी तुला वाढवलं ती पाप. तुमच्या देवाला एकदा माझ्या टपरीवर पाठव, मी बोलते त्याच्याशी.

ही टिंगी कोण? न्हाणीच्या दारापर्यंत पाठ सोडत नाही ती सोबतीण की पहारेकरीण? तिला स्वतःचं नाव नाही का? तिची आई तिला काय एर्माना टिंगी म्हणून जेवायला हाक मारते? पोलीस चौकीतली माणसंच तेवढी एकमेकांना आडनावाने हाका मारताना मी ऐकली आहेत.

वर्षातून दोनदा फोन, आठवड्याला एक पत्र, आणि वर उपास. कोणी आपल्या लेकीला असं ठेवत नाही. मी विधवा बाई आहे, मला पटकन काही पटत नाही, हे तू जाणतेस. सुयापा यंदा चौथीत गेली. तुझ्या खाटेवर झोपते आणि ती आता माझी म्हणते.

जपून राहा, आणि आईला विसरायला अजून कोणी शिकवलं नसेल तर लिही.

एतेल्विना


व्हिल्यारिका
सोमवार, २८ मार्च १९९४

ती. आईस,

सा. न. आजीचं नाव सुलटच लिहिते, हिपोलिता. पाकिटं कोणी उघडत नाही. इथे हवा इतकी दमट आहे की डिंक आपला आपण सुटतो, मग मीच पुन्हा चिकटवते.

गेल्या आठवड्यात डाळिंबाच्या झाडाखाली एका कुटुंबाला धर्माचा धडा दिला. मंगळवारी दुपारी ओळखीच्या एका म्हातारीकडे, दोन्या सेफेरिनाकडे, जरा आडवी झाले, तर दोन तास डोळा लागला. म्हातारी इथल्या गुआरानी भाषेत माझ्यासाठी काहीतरी पुटपुटत बसली होती. मंत्र असावा.

आई, तू मला शंकेखोर करून सोडलंस. टिंगीकडे एक हिरवी वही आहे. झोपण्याआधी त्यात लिहिते आणि उशीखाली ठेवते. चढावर मध्येच थांबते, म्हणते दमले. पाय बगळ्यासारखे, आणि दमते कसली? शुक्रवारी प्रार्थनाघरातल्या फोनवरून ती अध्यक्षांच्या पत्नीशी भराभर इंग्रजीत बोलत होती. मी आत गेले तशी गप्प झाली. विचारलं तर म्हणाली, हवामानाचं बोलत होते. हवामानाचं बोलताना कोणी फोनकडे तोंड करून पाठ फिरवत नाही.

जाऊ दे. तू काळजी करू नकोस, लोभ तेवढा करत राहा.

नोहेमी


सांता रोसा दे कोपान
१७ एप्रिल १९९४

चि. नोहेमीस आईचे आशीर्वाद.

तुझं पत्र मी चार वेळा वाचलं. लहानपणी तुला दुपारी झोपवायला मी दाराला कडी घालायची, तरी तू खिडकीतून पळायचीस. ती तू, परक्या बाईच्या घरी, भर दुपारी दोन तास झोपलीस? आणि म्हातारी शेजारी बसून मंत्र म्हणत होती? झोपलेल्या माणसाजवळ कोणी मंत्र म्हणत बसत नाही.

तुझ्या ओळी पूर्वी सरळ जायच्या. आता उजवीकडे खाली उतरतात. तुला उपाशी ठेवतात का? की तुझ्याकडून जास्त चालवून घेतात आणि ती गोरी ग्रिंगा दमल्याचं सोंग करून तुझी परीक्षा घेते? ती वरती कळवत असणार, किती घरं झाली, किती बाकी.

ती वही उघडून बघ. पाप लागलं तर माझ्या नावावर टाक, माझी पाटी आधीच भरलेली आहे.

मेच्या दुसऱ्या रविवारी, मातृदिनाला, शेजारच्या मेल्बाकडे फोनजवळ बसून राहीन. फोन आला नाही तर मी काय करेन ते मला माहीत नाही, पण काहीतरी करेन.

तुझी आई


व्हिल्यारिका
सोमवार, ९ मे १९९४

ती. आईस,

सा. न. कालचा फोन इतका थोडका झाला की ठेवल्यावर आठवलं, सुयापाच्या शाळेबद्दल विचारायचं राहूनच गेलं. तू तीन वेळा विचारलंस की मी जिना चढून आले का. लाइन खराब होती, बाकी काही नाही.

मी वही पाहिली. टिंगी अंघोळीला गेली होती तेव्हा. सगळं इंग्रजीत, पण माझं नाव वाचायला इंग्रजी लागत नाही. नोहेमी, तीन मार्च. नोहेमी, बावीस मार्च. नोहेमी, एक मे. प्रत्येक तारखेपुढे मिनिटं लिहिली आहेत, दोन, चार, चार. त्याखाली अध्यक्षांच्या नावाने सुरू केलेली पत्रं, अर्धी फाडलेली. त्या तारखांना काय झालं ते मला ठाऊक आहे. तुला सांगण्यासारखं त्यात काही नाही.

तिला समोर बसवून विचारलं. ती कानापर्यंत लाल झाली. म्हणाली, मी हे कोणालाही पाठवलेलं नाही, अजून. ते अजून माझ्या कानात बसलंय. तिच्याजवळ झोपायचं, तिच्याबरोबर गुडघे टेकायचे, आणि ती माझ्या नावापुढे मिनिटं मांडते. मला दुसरी सोबतीण द्या असं मी अध्यक्षांना लिहिलं आहे.

तुझं खरं ठरलं म्हणून खूश होऊ नकोस. लोभ असेलच.

नोहेमी


व्हिल्यारिका
१६ मे १९९४

नोहेमीची आई यांना, नमस्कार.

माझी स्पॅनिश वाईट आहे. शब्दकोश जवळ आहे. माफ करा.

नोहेमी पडते. तीन वेळा पडली. तीन मार्च, रस्त्यात, दोन मिनिट डोळे बंद. बावीस मार्च, दोन्या सेफेरिनाचा घर, चार मिनिट. आम्ही तिला खाटेवर ठेवलो. म्हातारी प्रार्थना केली. एक मे, आमचा खोलीत, चार मिनिट, ओठ निळा. पडायच्या आधी ती म्हणते, घशात पाखरू फडफडतो. मग पडते.

ती माझ्याकडून वचन घेतली, कोणाला सांगू नको. सांगितलं तर घरी पाठवतील. आणि आई म्हणेल, बघ, मी म्हणत होते. मी अध्यक्षांना पत्र आठ वेळा लिहिली, आठ वेळा फाडली. त्यांच्या पत्नीला विचारली, नाव नाही सांगितली, मुलगी पडते तर काय करायचं. ती म्हणाली, डॉक्टर. नोहेमी डॉक्टरकडे येत नाही. चढावर मी म्हणते मी दमले, म्हणजे ती थांबेल.

आज मी वचन मोडते. तुम्ही आई आहे. ती माझ्याशी पुन्हा बोलणार नाही. ते मला माहीत आहे.

जनील टिंगी


सांता रोसा दे कोपान
५ जून १९९४

चि. नोहेमीस,

आशीर्वाद. खाली बसून वाच.

तुझ्या टिंगीचं पत्र गुरुवारी आलं. आधी मला वाटलं, हा डाव आहे. तुमचं भांडण झालंय आणि तुला घालवून देण्यासाठी ती माझा हात वापरते आहे. टपरीवर बसून मी दुपारपर्यंत तेच म्हणत होते. पण ते घशातलं पाखरू तिने कुठून आणलं? ते तिला बनवता येणार नाही. तुझे बाबा तसंच म्हणायचे. तंबाखूच्या वाफ्यात कोसळले त्या दिवशी सकाळीही म्हणाले होते.

तू तेरा वर्षांची होतीस. मी तुला सांगितलं ऊन लागलं. ऊन नव्हतं. मागाहून डॉक्टरांनी मला सांगितलं होतं की खेड्यातल्या आपल्या घराच्या मातीच्या भिंतीत तो चोचीचा ढेकूण असतो, तो झोपेत चावतो, आणि त्याचं विष वर्षानुवर्षं काळजात बसून राहतं. बाबा गेले, आपण इथे शहरात आलो, आणि मी ते तोंडातून काढलं नाही. काढलं असतं तर ते तुमच्यातही आहे का, हे बघावं लागलं असतं. ते बघायची मला भीती वाटली. दुसऱ्यांच्या पाकिटांचा डिंक तपासणारी मी.

शुक्रवारी टपरी बंद केली आणि तुमच्या प्रार्थनाघरात गेले. तुमचा तो रेडिओ दुरुस्त करणारा बिशप, ज्याच्या नमस्काराला मी तीन वर्षं उत्तर दिलं नाही, त्याने माझ्यासमोर पराग्वेला फोन लावला. अध्यक्ष म्हणाले, आजच गाडी पाठवतो. हे पत्र पोचेल तेव्हा तू इस्पितळात असशील. ते मी केलं. रागवायचं तर माझ्यावर रागव.

आणि बघ मी म्हणत होते, असं मी म्हणणार नाही. निदान तुझ्या तोंडावर नाही.

तुझी आई


आसुन्सिओन
सोमवार, ४ जुलै १९९४

ती. आईस,

सा. न. तुझ्या पत्राला लगेच उत्तर लिहिणं जमलं नाही, हात उचलू देत नव्हते. रक्तात तोच आजार निघाला. यंत्राला तारा लावून दोन दिवस पाहिलं. डॉक्टर म्हणाले, मध्ये मध्ये हृदय काही क्षण थांबतं, आणि एखाद्या दिवशी पुन्हा सुरू व्हायचं विसरलं असतं. आता गळ्याच्या हाडाखाली काडेपेटीएवढं यंत्र बसवलंय. विसरलं की ते आठवण देतं.

२३ तारखेला मला घरी पाठवत आहेत. मानाने, असं पत्रात लिहून. सात महिने राहिले होते, आई. मला ते सात महिने हवे होते. त्यांच्यापेक्षा जास्त काही मी कधी मागितलं नव्हतं, आणि अजूनही त्या सात महिन्यांवर माझा हक्क आहे असं वाटतं.

टिंगी दुसऱ्या एका मुलीला घेऊन चार दिवस बाहेरच्या बाकावर बसली होती. मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. तिची पिलार गावी बदली झाली, त्या सकाळी ती आत आली. हिरवी वही खाटेवर ठेवली आणि म्हणाली, "मी तुला नको असले तरी चालेल. तू असायला हवीस." हे तिने अगदी शुद्ध स्पॅनिशमध्ये सांगितलं. रात्रभर घोकलं असणार. ती गेल्यावर उठून खिडकीशी जायचं होतं, पण तारा लावलेल्या होत्या.

तुझ्यावरही राग आहे. नऊ वर्षं मी उन्हाला दोष देत होते.

डॉक्टरांनी एक निक्षून सांगितलंय. तुझं आणि सुयापाचं रक्त तपासून घे. आजच जा, उद्यावर टाकू नकोस. बाकीचं समोरासमोर बोलू.

तुझीच,
नोहेमी


सांता रोसा दे कोपान
२१ ऑगस्ट १९९४

चि. जनील हिस,

नोहेमीच्या आईचे अनेक आशीर्वाद. तुझा पिलारचा पत्ता बिशपकडून घेतला. शब्दकोश जवळ ठेव, मला सोपं लिहिता येत नाही.

मी तुझ्यावर पहिल्या पत्रापासून संशय घेतला. संशयाची मला लाज नाही. नवरा गेल्यावर दोन मुली मी त्याच्याच जोरावर वाढवल्या, बस स्टँडवर भोळ्या बाईची टपरी महिनाभर टिकत नाही. पण माझा संशय चुकीच्या मुलीवर होता. लपवणारी माझी लेक होती, आणि तिच्या आधी मी.

नोहेमी घरी आली. विमानतळावरून येताना बसमध्ये माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी बोलली, आणि मग थांबेना. रविवारी तुमच्या प्रार्थनाघरात जाते. मी तिला दारापर्यंत सोडते आणि तिथूनच परतते, त्यापुढे माझ्याकडून काही अपेक्षा ठेवू नका. तुझ्यावर ती अजून रागावलेली आहे. तुला पत्र लिहायला बसते, दोन ओळी लिहिते आणि फाडते. आज सकाळी चार ओळींपर्यंत गेली होती. तिला थोडा वेळ दे.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते सांगते. आम्ही रक्त तपासून घेतलं. माझं स्वच्छ निघालं. सुयापाचं नाही. ती दहा वर्षांची आहे, दिवसभर उड्या मारते, तिला काहीही होत नाही. खेड्यातलं घर सोडलं तेव्हा ती पाळण्यातून नुकती उतरली होती. डॉक्टर म्हणतात, एवढ्या लहानपणी सापडला तर साठ दिवसांच्या गोळ्यांनी हा आजार बहुतेक मुळापासून जातो. मोठेपणी सापडला तर जात नाही. आज गोळ्यांचा अठरावा दिवस. अंगावर पुरळ आलंय, ती मला शिव्या देते आणि गोळी गिळते.

डॉक्टर विचारत होते, की मुलीला काहीच त्रास नव्हता तर तुम्ही तिला तपासायला आणलंत कसं, असं सहसा कोणी आणत नाही. मी त्यांना तुझं नाव सांगितलं. त्यांना ते नीट ऐकू आलं नाही, म्हणून पुन्हा सांगितलं, जनील टिंगी.

घरी जाताना वाट वाकडी करून इकडे ये. आमच्यावर लोभ धरायचा की नाही ते तू ठरव, माझा तुझ्यावर बसला आहे.

एतेल्विना पिनेदा